मुलगी चालण्याच्या शर्यतीत बाद झाली; आता पुढे काय?

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल.

मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. दोन वर्षं १५०० मीटर पळत होती, जिल्ह्याच्या पुढे कधी गेली नाही. यंदा शाळेतल्या सरांनी तिला ३ किलोमीटर चालण्यात उतरवलं. विभागात १६ मिनिटं ४० सेकंदांत दुसरी आली, राज्याला गेली आणि तिथे शेवटून दुसऱ्या फेरीत बाद झाली. घरी आल्यावर दोन दिवस धड जेवली नाही. तुम्ही विचारताय की हा खरा खेळ आहे का, यात पुढे काही मिळतं का, गुडघे कामातून जातील का, आणि गावातली पोरं तिच्या चालण्याची नक्कल करतात त्याचं काय करायचं.

भाऊ, मी अकरा वर्षं स्पर्धेत चालले. त्यानंतरची सतरा वर्षं मुलामुलींना चालायला शिकवतेय, आणि वर्षातून चार-पाच वेळा पिवळं पॅडल, म्हणजे दांड्याची छोटी पाटी, हातात घेऊन जज म्हणून उन्हात उभी असते. म्हणजे तुमच्या मुलीला ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्यातलीच एक समजा. तुमच्या चार प्रश्नांच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो: चालणं हा तिचा खेळ आहे, की पळण्यात जमेना म्हणून शोधलेली पळवाट? याचं उत्तर इथे बसून मला देता येणार नाही. ते तीन गोष्टींवर ठरेल. तिचा गुडघा पूर्ण सरळ होतो का, आठवड्यातून निदान एकदा तरी चालण्यातलं कळणारं माणूस तिला बघू शकेल का, आणि बाद झाल्याचं तिला दुःख झालं की राग आला. तिसऱ्याकडे शेवटी येते.

आधी नियम, कारण बहुतेक पालकांना तो अर्धाच माहीत असतो. दोन अटी आहेत. एक, जमिनीशी संपर्क सुटलेला डोळ्याला दिसता कामा नये. दुसरी, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत गुडघ्यात वाकलेला चालत नाही. पहिली चूक म्हणजे मैदानावरच्या भाषेत ‘लिफ्टिंग’, दुसरी ‘बेंट नी’. पहिल्या अटीतला ‘डोळ्याला दिसता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वेगवान कॅमेरा लावला तर जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या वॉकरचेही दोन्ही पाय क्षणभर हवेत दिसतात. तो क्षण सेकंदाच्या शंभर भागांतल्या साधारण चार भागांपेक्षा लहान असेल तर माणसाच्या डोळ्याला तो पकडता येत नाही, आणि नियम माणसाच्या डोळ्यासाठीच लिहिलाय. म्हणून ‘मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघा, पहिली आलेली पण उडत होती’ असं सांगत कोणी आलं की मी चहा मागवते आणि विषय बदलते. व्हिडिओवर निकाल फिरत नाही.

आता कार्डं. पिवळं पॅडल दाखवलं म्हणजे सूचना. त्याच्यावर एक तर नागमोडी रेघ असते, म्हणजे संपर्क सुटतोय, नाहीतर कोन असतो, म्हणजे गुडघा वाकतोय. लाल कार्ड मात्र खेळाडूला दाखवत नाहीत. जज ते लिहून मुख्य जजकडे पाठवतो आणि फलकावर त्या खेळाडूच्या नंबरासमोर खूण लागते. एका जजचं एकच लाल कार्ड धरतात, आणि जजनी आपसात बोलायचं नसतं. तीन वेगवेगळ्या जजची तीन लाल कार्डं झाली की मुख्य जज लाल पॅडल दाखवून बाहेर काढतो. मोठ्या स्पर्धांत आता पेनल्टी झोन असतो. तिसऱ्या कार्डाला तिथे जाऊन थांबायचं, २० किलोमीटरच्या शर्यतीत २ मिनिटं, आणि चौथं कार्ड आलं तर मात्र घरी. जिथे तो झोन ठेवलेला नसतो तिथे तिसऱ्यालाच खेळ संपतो. तुमच्या मुलीचं तसंच झालेलं दिसतंय.

यात तुमच्या कामाची गोष्ट अशी की तीन वेगवेगळ्या माणसांना, ट्रॅकच्या वेगवेगळ्या जागी उभं असताना, एकमेकांशी न बोलता, तिच्यात काहीतरी दिसलं. ‘एक जज आमच्या जिल्ह्यावर खार खाऊन होता’ हे मी दर वर्षी ऐकते. एक असेलही. तिघांना एकदम तेच कसं वाटेल?

३ किलोमीटरमध्ये ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. तिनं १६:४० मध्ये चाललं म्हणजे मिनिटाला १८० मीटर. पाऊल मीटरभराचं धरलं तर एकूण तीन हजार पावलं. पहिल्या दोन हजारांत तिचं काही चुकलं नसेल असं मी गृहीत धरते, कारण नाहीतर ती चौथ्या फेरीतच बाहेर आली असती. पायातली ताकद संपते तिथे तंत्र सुटतं. नवीन मुलीचं बहुतेक वेळा असं होतं: नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो, त्यामुळे पंजा वर धरवत नाही, टाच आधी टेकायच्या ऐवजी तळवा सपाट पडतो. तळवा सपाट पडला की गुडघा आपोआप थोडा वाकून घेतो. तिला वाटतं मी जोर लावतेय. जजला दिसतं की ही आता हळू पळतेय. दोघंही खरं बोलत असतात.

माझंच सांगते. माझे त्या वेळचे प्रशिक्षक वेगाचे भक्त होते. त्यांचं म्हणणं, जज काही सगळीकडे नसतात. ते कुठे उभे आहेत हे पहिल्या फेरीत हेरायचं आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात ‘उचलायचं’. रस्त्यावरच्या २ किलोमीटरच्या फेरीत असे पट्टे खरंच असायचे. दोन वर्षं मी त्यावर पदकंही आणली. मग एका राष्ट्रीय स्पर्धेत पाण्याच्या टेबलामागे, झाडाच्या सावलीत एक जज बाई उभ्या होत्या, त्या मला दोन फेऱ्या दिसल्याच नाहीत. पण खरी गंमत पुढे आहे. उरलेली दोन कार्डं जिथे मी अगदी सरळ चालत होते असं मला वाटत होतं तिथे मिळाली, जजच्या नाकासमोर. शरीराला कुठे कळतं जज कुठे उभा आहे? त्याला जी सवय लावली ती त्यानं केली. मुख्य जज लाल पॅडल घेऊन समोर आल्या तर मी त्यांना चुकवून पन्नासेक मीटर पुढे गेले होते. नंबर काढून हातात दिला आणि परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपले. ती सवय मोडायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात माझी वेळ प्रत्येक किलोमीटरला वीस सेकंदांनी मागे गेली. म्हणून ज्या प्रशिक्षकाच्या तोंडी पहिल्या महिन्यात ‘जज नसेल तिथे’ हे शब्द येतील, त्याच्याकडून मुलीला काढून घ्या. फी बुडाली तर बुडू दे.

बाद होणं ही या खेळात लाज नाही, हे तिला सांगा. पण नुसतं ‘जाऊ दे गं’ म्हणू नका, नावं घेऊन सांगा. पोलंडचा रॉबर्ट कोझेनियोव्स्की १९९२ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरमध्ये दुसरा होता, स्टेडियममध्ये शिरताना त्याला बाहेर काढलं. पन्नास किलोमीटर चालून झाल्यावर! त्याच माणसानं १९९६, २००० आणि २००४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरचं सुवर्ण घेतलं, आणि २०००ला सिडनीत २० किलोमीटरचंसुद्धा. सिडनीचं ते २० किलोमीटर तर बघण्यासारखं होतं. रेषा पहिल्यांदा ओलांडली मेक्सिकोच्या बर्नार्डो सेगुरानं. तो आनंदात देशाच्या राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलत होता आणि त्याच वेळी त्याला बाद झाल्याचं कळलं. त्याच ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सेव्हिल महिलांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. घरचं स्टेडियम, बोगद्यातून आत शिरायचं बाकी, आणि समोर लाल पॅडल. चार वर्षांनी अथेन्सला तिनं कांस्य घेतलं.

आता गुडघा. दोन गुडघे वेगळे करून बोलते: नियमातला आणि डॉक्टरांचा.

नियमातल्या गुडघ्याची परीक्षा घरी होते. तिला जमिनीवर पाय पसरून बसवा, पाठ भिंतीला. मग म्हणा, गुडघ्याची मागची बाजू जमिनीला दाब. टाच जमिनीवरून बोटभर उचलली गेली तर फार छान, असा पाय देवानं वॉकरसाठीच घडवलाय. टाच उचलली नाही पण गुडघा जमिनीला टेकला, तरी चालेल, मेहनतीनं निभतं. गुडघ्याखाली बोट जाईल इतकी जागा राहतेय आणि मांडीची मागची शीर ताणली जातेय, तर सहा महिने आधी ती शीर मोकळी करायला द्यावे लागतील. तोवर स्पर्धा नको. काही मुलींच्या बाबतीत हाडाची ठेवणच अशी असते की सहा महिन्यांनीही फरक पडत नाही. माझ्याकडे अशी एक होती, दम इतका की मैदानावरची मुलंही तिच्या मागे राहायची. दोन हंगाम मी तिला कार्डं खाऊ घातली. तिला पहिल्याच महिन्यात पळायला परत पाठवायला हवं होतं, ती चूक माझी.

डॉक्टरांच्या गुडघ्याबद्दल: चालण्यात उडी नसते, त्यामुळे जमिनीचा दणका पळण्यापेक्षा कमी बसतो. माझ्या मुलामुलींच्या तक्रारी गुडघ्याच्या कमी असतात, नडगीच्या, मांडीच्या मागच्या स्नायूच्या आणि कमरेच्या खुब्याच्या जास्त. नडगी पहिले दोन-तीन महिने सगळ्यांचीच पेटते. रात्री बर्फ, दिवसा टाचांवर चालण्याचा सराव, आणि किलोमीटर हळूहळू वाढवणं एवढ्यानं ते जातं. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, किंवा झोपेतही दुखत असेल, तर तो स्नायू नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, तेलमालीश करत बसू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला मी आठवड्याला ३० किलोमीटरच्या वर चालवत नाही, त्यातले पाच-सहाच जोरात. ‘शंभर किलोमीटर मारतेय’ म्हणून मिरवणारे पालक मला भेटतात. शंभर किलोमीटर मारणारे पंचविशीचे असतात.

आणि खाणं. हा परिच्छेद तिच्या आईला वाचायला द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात रक्ततपासणीला पाठवते. दरवेळी निम्म्याहून जास्तींचं हिमोग्लोबिन कमी निघतं. मुलगी सोमवार करते, चतुर्थी करते, आषाढीला तर घरच उपाशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रॅकवर. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत धरलेली एक मुलगी माझ्याकडे अनवाणीच सराव करून गेली. तिच्या तळव्यांना फोड आले ते आले, पण तिच्या उपाशी पोटी चालण्याची मला जास्त धास्ती होती. श्रद्धेला माझा विरोध नाही. उपवास करायचा तर त्या दिवशी सराव नाही, एवढा माझा नियम आहे. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ‘बरं झालं, स्पर्धा आहे’ म्हणू नका. खाणं कमी पडल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

पुढे काही मिळतं का, याकडे येते. आकडे आधी, मग नोकरी.

तुमची मुलगी किलोमीटरला ५ मिनिटं ३३ सेकंद घेते. २०२१ला रांचीत प्रियांका गोस्वामीनं २० किलोमीटर १ तास २८ मिनिटं ४५ सेकंदांत चालून राष्ट्रीय विक्रम केला, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं २६ सेकंद, आणि ते वीस वेळा. पुरुषांत जपानच्या तोशिकाझु यामानिशीनं २०२५ला कोबेला १ तास १६ मिनिटं १० सेकंदांचा जागतिक विक्रम केला. किलोमीटरला चार मिनिटांच्या आत. तुमच्या गावातल्या नक्कल करणाऱ्या पोरांना सांगा, या वेगानं तुम्ही पळत पाच किलोमीटर जाऊन दाखवा. तर अंतर मोठं आहे. ते एका वर्षात कापायचं नसतं, आठ-दहा वर्षांत कापायचं असतं, आणि या खेळात तेवढी वर्षं असतात. कोझेनियोव्स्कीनं शेवटचं सुवर्ण घेतलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. पोर्तुगालच्या जोआओ व्हिएराला २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळालं ते त्रेचाळिसाव्या वर्षी. स्पेनचा गार्सिया ब्रागादो आठ ऑलिंपिक खेळला, शेवटचं एक्कावन्नाव्या वर्षी. शंभर मीटरच्या धावपटूला असं सांगून बघा. २०२६पासून मोठ्या स्पर्धांत २० आणि ३५ किलोमीटरच्या जागी अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन अंतराचं चालणं आलंय, म्हणजे घाई आणखी कमी झाली.

आपल्या देशात चालण्याची परंपरा नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. चुकीचं आहे. १९७८च्या आशियाई स्पर्धेत हाकम सिंगनं २० किलोमीटरचं सुवर्ण घेतलं, १९८२ला दिल्लीत चांदरामनं. २०१२ला लंडन ऑलिंपिकमध्ये केरळचा के. टी. इरफान दहावा आला. २०१४ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत खुशबीर कौरला रौप्य. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात १० हजार मीटरमध्ये प्रियांकाला रौप्य आणि संदीप कुमारला कांस्य. त्याआधी २०२१च्या नैरोबीच्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत अमित खत्रीला रौप्य. नावं बघा: हरयाणा, पंजाब, उत्तर प्रदेश, राजस्थान, केरळ. आपलं महाराष्ट्राचं नाव पळण्यात मोठं, चालण्यात आपण मागे आहोत. ही वाईट बातमी आहे आणि तुमच्या मुलीसाठी थोडी चांगलीही. राज्यात गर्दी कमी, पण तिला शिकवणारी माणसंही कमी.

ही सगळी माणसं कुठून आली ते मात्र तिला सांगाच. राम बाबू हा उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रचा. हॉटेलात वेटर होता, लॉकडाऊनमध्ये गावी जाऊन रोजगार हमीच्या कामावर माती उपसली. आधी मॅरेथॉन पळायचा, गुडघा दुखायला लागला म्हणून चालण्याकडे वळला. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं ३५ किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मंजू राणीसोबत मिश्र सांघिक कांस्य आणलं. राजस्थानातल्या भावना जाटची गोष्ट तुमच्या मुलीच्या जवळची आहे. शाळेच्या स्पर्धेत चालण्याच्या प्रकारात जागा शिल्लक होती म्हणून ती उतरली. गावानं नावं ठेवू नयेत म्हणून पहाटे, लोक उठायच्या आत सराव करायची. २०२०ला रांचीत १ तास २९ मिनिटं ५४ सेकंद चालून टोकियो ऑलिंपिकला पात्र झाली. पुढे डोपिंग चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्यात चुका झाल्या आणि तिच्यावर बंदी आली. हेही सांगतेय, कारण खेळाडूचं आयुष्य फक्त ट्रॅकवर जात नाही. बारा महिन्यांत तीन वेळा अशी चूक झाली की औषध न घेताही बंदी येते. तुमच्या मुलीला तो नियम लागायला अजून वर्षं आहेत, पण जिमवाल्याकडची पावडर आणि ‘ताकदीचं इंजेक्शन’ यांच्यापासून लांब राहायचा नियम आजपासूनच.

नोकरी: वर घेतलेल्या नावांतली बहुतेक लष्कर, रेल्वे किंवा पोलिसात लागली. तिथे पगार, आहार, सरावाला सुट्टी मिळते, म्हणूनच हा खेळ या देशात जगलाय. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेचं कोणतं स्थान धरतात हे शासन निर्णयानुसार बदलतं, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आजचा निर्णय मागा. प्रमाणपत्रांची मूळ प्रत आणि प्रवेशयादी प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला. प्रमाणपत्र पडताळणीच्या वेळी दहा वर्षांपूर्वीचा कागद शोधत फिरलेले आई-बाप मी पाहिलेत. दहावीच्या सवलतीच्या गुणांचंही तिथेच विचारून घ्या. पण मनातलं बोलते: नोकरीसाठी म्हणून चालायला लावलेली मुलं माझ्याकडे साधारण दोन वर्षं टिकतात. तिसऱ्या वर्षी एखादा हंगाम कार्डांत जातो आणि मग पोलीस भरतीचा क्लास लागतो. त्यात चूक काही नाही, फक्त तेवढ्यासाठी चालण्यात पडायची गरज नव्हती.

हसणाऱ्या लोकांबद्दल मी शहाणपणा सांगणार नाही. मी स्वतः अकरा वर्षं ऐकलंय. हे चालणं बघायला वेगळं दिसतं, कारण कंबर पुढे-खाली फिरते. ती फिरवल्याशिवाय पाऊल लांब पडत नाही, आणि पाऊल लांब पडल्याशिवाय सरळ गुडघ्यानं वेग येत नाही. हे तिला नीट समजावून दिलं की निम्मी लाज जाते. मग तिला वाटतं, ही माझी कंबर नाही, हा माझा गिअर आहे. बाकी निम्म्यासाठी व्यवस्था लागते. रस्त्यावर एकटी नको, शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, सोबत आणखी दोघी. पहिला महिना तुम्ही स्वतः कडेला खुर्ची टाकून बसा. पेपर वाचा. बाप बसलेला दिसला की नक्कल करणारी पोरं दोन दिवसांत दुसरा उद्योग शोधतात. आमच्याकडे एका आजोबांनी तीन महिने असं केलं, शेवटी त्यांना लिफ्टिंग आणि बेंट नीमधला फरक आमच्या काही जजपेक्षा बरा कळायला लागला.

मी तुमच्या जागी असते तर पुढचं वर्ष असं काढलं असतं. पहिले चार महिने स्पर्धाच नाही. आठवड्यातून चार दिवस चालणं, एक दिवस पळणं. पळणं सोडू नका, दम त्यातच वाढतो, आणि परत जायचं झालं तर दार उघडं राहतं. चालण्याच्या चारपैकी दोन दिवस फक्त तंत्र: ट्रॅकच्या पांढऱ्या रेघेवर दोन्ही पावलं पडतील असं चालणं, नुसत्या टाचांवर चालणं, हात कोपरात काटकोनात धरून मुठी छातीच्या मधल्या रेघेपर्यंतच आणणं. खांदे वर चढले की शरीर वर उडायला लागतं, म्हणून ‘खांदे पाड’ हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. बूट पातळ तळव्याचे, लवचिक घ्या. जाड फोमचे पळण्याचे बूट नवीन मुलीला टाच नीट टेकू देत नाहीत. महागडे नकोत, हजार-दीड हजारात काम होतं, फक्त पंजा हातानं दुमडून बघा. चार महिन्यांनी १ किलोमीटर, मग २, आणि प्रत्येक वेळी ओळखीतला कोणी जज असेल तर त्याला कडेला उभं करून खरी कार्डं लिहायला सांगा. ज्या वेगाला कार्ड येत नाही तो तिचा आजचा वेग. त्याच्यापेक्षा जास्त वेगाची वेळ घड्याळात दिसली तरी वहीत लिहायची नाही. वर्षाअखेरीस ती १७ मिनिटांत, पण एकही कार्ड न घेता ३ किलोमीटर चालली, तर ते मला यंदाच्या १६:४०पेक्षा जास्त आवडेल.

आता ती तिसरी गोष्ट. तिला एकदा शांतपणे विचारा, बाद झालीस तेव्हा काय वाटलं. ‘मला नकोच ते, सरांनी ढकललं’ म्हणाली तर तिला १५०० मध्ये परत जाऊ द्या, किंवा ३ हजार मीटर पळू द्या. ‘त्यांनी मुद्दाम काढलं’ म्हणाली तर थांबा, महिनाभरानं पुन्हा विचारा. आणि जर ती म्हणाली की कोणत्या फेरीत माझं काय चुकलं हे मला अजून कळलेलं नाही, तर तिला माझ्याकडे किंवा कोणाकडेही घेऊन या, पण घेऊन याच.

तेवढ्यासाठी एक कागद मिळतोय का बघा. शर्यतीनंतर जजच्या कार्डांचा एकत्र तक्ता तयार होतो. कोणत्या नंबराला, किती वाजता, कोणती खूण, नागमोडी की कोन, हे त्यात असतं. शाळेच्या सरांना आयोजकांकडे त्याची प्रत मागायला सांगा, निदान मोबाईलवर फोटो. तिच्या नंबरासमोर तिन्ही खुणा कोनाच्या असतील तर नडगी आणि मांडीची शीर यांच्यावर काम. तिन्ही नागमोडी असतील तर ती तिच्या दमापेक्षा जोरात गेली. आणि दोन एक प्रकारच्या, एक दुसऱ्या प्रकारची असेल, तर पहिली दोन किती वाजता लागली ते मला कळवा.